गणपतीच्या हॉलमध्ये एक टेबल : अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी एक साधी सूचना ठेवली होती. गणेशोत्सवात दागिन्यांचा स्टॉल असतो, घरं विकणाऱ्यांचा असतो, विम्याचा असतो; तसं एक टेबल मतदार नोंदणीचं ठेवू. पक्षाचं नाव नाही, उमेदवाराचा फोटो नाही. जे इथले नागरिक झालेत त्यांनी फॉर्म भरायचा, एवढंच. चर्चा चार मिनिटं झाली. “ताई, मंडळात राजकारण नको,” असं कुणीतरी म्हणालं, चार माना हलल्या आणि सभा मोदकांच्या ऑर्डरकडे वळली. उकडीचे की तळणीचे, यावर मात्र पाऊण तास गेला.

तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते, आणि फक्त आमच्या मंडळाला नाही, कारण इतर गावांतल्या मैत्रिणींकडून हेच वाक्य ऐकलं आहे. पण बोलायचं आहे ते एका बाईबद्दल. ती मराठी नाही, भारतीय नाही. ग्वाटेमालातून आलेली, स्पॅनिश बोलणारी. तिचं नाव लुइसा मोरेनो.

मी ऑरेंज काउंटीत राहते, फुलर्टनच्या जवळ. चाळीसच्या दशकात फुलर्टनमध्ये व्हॅल व्हीटा नावाचा फळं आणि भाज्या डबाबंद करणारा कारखाना होता. पट्ट्यावर काम करणाऱ्या बहुतेक बाया मेक्सिकन. पट्ट्याचा वेग इतका वाढवलेला की उभ्या उभ्या घेरी येऊन बाया पडायच्या. १९४२ मध्ये लुइसा मोरेनो तिथे आली आणि कामगार संघटनेच्या बाजूने कामगारांचं मतदान जिंकून गेली. तिला ‘कॅलिफोर्नियाची वावटळ’ म्हणायचे. मी या भागात इतकी वर्षं भाज्या विकत घेतेय, मुलांच्या मॅचेस बघतेय, आणि हे नाव माझ्या कानावर आलं साठी ओलांडल्यावर. तेही इथल्याच अर्व्हाइनच्या विद्यापीठातल्या इतिहासकार विकी रुईझ यांनी तिच्यावर केलेल्या कामामुळे.

तिची सुरुवात गरिबीतून झाली असेल असं वाटलं असेल तर तसं नाही. १९०७ मध्ये ग्वाटेमाला शहरात श्रीमंत घरात जन्म. मूळ नाव ब्लांका रोसा रॉड्रिगेझ लोपेझ. ब्लांका रोसा म्हणजे पांढरा गुलाब. लहानपणी कॅलिफोर्नियात ओकलंडला कॉन्व्हेंटमध्ये शिकायला पाठवलेली. तिथून परत आली तेव्हा कळलं की ग्वाटेमालात मुलींना विद्यापीठाची दारं बंद आहेत. मग तिने आपल्यासारख्या मुली गोळा केल्या आणि त्यासाठी आवाज उठवला. त्यानंतर घरची श्रीमंती सोडून थेट मेक्सिको सिटी गाठली. पत्रकारिता केली, १९२७ मध्ये कवितांचं पुस्तक काढलं, डिएगो रिव्हेरा वगैरे चित्रकारांच्या वर्तुळात वावरली.

इथे एक आडवळण घेते. याच वर्षांत मेक्सिको सिटीजवळ चापिंगोच्या शेतकी शाळेत आपल्या वर्ध्याचा एक माणूस शिकवत होता: पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले, ब्रिटिशांना हवे असलेले, मायदेशी परतायची सोय नसलेले. मक्याच्या वाणांवर काम करत होते आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढत होते. रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकरी मोडून देणाऱ्याच्या जागी बसवलं. हे दोघं कधी भेटले असं मला कुठेही आढळलेलं नाही, आणि मी तसं सुचवतही नाही. खानखोजे तिथल्या शेतकऱ्यांत मिसळले तेव्हा ‘आपल्याला काय करायचंय, हा काही आपला देश नाही’ असं त्यांना वाटलं नाही, एवढंच सांगायचं आहे. आपण त्यांच्यावर अभिमानाने भाषणं करतो. नेमका कशाचा अभिमान, ते मला नीट कळत नाही.

१९२८ मध्ये लुइसा, म्हणजे अजून ब्लांका रोसाच, नवऱ्याबरोबर न्यूयॉर्कला आली. पोटात मूल. कवयित्रीला हार्लेममध्ये शिलाई मशीनवर बसावं लागलं. मग शेजारच्या मशीनवरच्या बायांना घेऊन तिने शिवणकाम करणाऱ्या बायांची संघटना बांधली. १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेली, १९३५ मध्ये बाहेर पडली. हे लपवायचं कारण नाही. पुढे याच पाच वर्षांचा हिशेब सरकारने तिच्याकडून वसूल केला.

१९३५ मध्ये कामगार महासंघाने तिला फ्लोरिडात पाठवलं, सिगार वळणाऱ्यांमध्ये. इथे माझा जीव गुंततो, कारण माझी आजी सोलापुरात विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, दिवसाला हजार विड्यांचं गणित, आणि संध्याकाळी कारखान्यात विड्या द्यायला गेल्यावर ‘ही वाईट, ती सैल’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे बुडायचे. आजीला वाचता येत नव्हतं. टॅम्पाजवळच्या इबोर सिटीत सिगारच्या कारखान्यांत मात्र एके काळी कामगार स्वतःच्या पगारातून वाचक ठेवायचे. वाचक उंच आसनावर बसून वर्तमानपत्रं, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि खाली शेकडो हात वळत राहायचे. मालकांनी १९३१ मध्ये वाचक बंद केले आणि रेडिओ लावले. आजीला हे सांगता आलं असतं तर ती हसली असती आणि म्हणाली असती, बरोबर आहे, वाचणारा काय वाचेल सांगता येत नाही.

लुइसा तिथे गेली तेव्हा वाचक गेलेले होते आणि गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या ‘कू क्लक्स क्लॅन’ संघटनेचा धाक होता. तिने १३,००० सिगार कामगारांचा करार घडवून आणला. आणि तिथेच नाव बदललं. लुइसा हे बहुधा लुइसा कापेतियोवरून. पोर्तो रिकोची ही बाई त्याच भागात आधी काम करून गेली होती आणि सिगार कामगारांना वाचूनही दाखवायची. मोरेनो म्हणजे सावळा. ब्लांकाची मोरेनो झाली. गोरी कातडी, कॉन्व्हेंटचं इंग्रजी, चांगलं घराणं, हे सगळं जवळ असताना तिने स्वतःसाठी सावळं आडनाव निवडलं.

मंडळांना पत्र लिहिताना हा तपशील मी मुद्दाम लांबवते आहे. आपल्यापैकी बहुतेकजण चांगल्या पगारावर, चांगल्या व्हिसावर आलो. आमचा उत्सव ज्या शाळेच्या हॉलमध्ये होतो तिथे रात्री साफसफाईला एक बाई असते. रांगोळी, फुलं, सांडलेली आमटी, सगळं तीच काढते. अकरा वर्षं आम्ही तिला ‘ती मेक्सिकन बाई’ म्हणत होतो. ती ग्वाटेमालाची आहे. अकरा वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

लुइसाच्या या सगळ्या कामाची किंमत तिच्या घरानेही मोजली. संसार मोडला. गावोगाव फिरताना लहान मुलीला ती ओळखीच्या घरी ठेवायची. बरीच वर्षं ती पोर अशी दुसऱ्यांच्या घरी वाढली. अशा कार्यकर्तीचं गुणगान करताना आपण हे गाळतो. मला ते गाळायचं नाही. मुलीच्या बाजूने विचार केला तर मला लुइसाचा रागही येतो.

आता मंडळांच्या कामाची गोष्ट. १९३९ च्या एप्रिलमध्ये, २८ ते ३० तारखांना, लॉस एंजेलिसमध्ये एक अधिवेशन भरलं: स्पॅनिश भाषिक लोकांची काँग्रेस. देशभरातल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या हक्कांसाठी भरलेलं हे पहिलं राष्ट्रीय अधिवेशन. ते उभं करण्यासाठी लुइसा त्याआधी वर्षभर देश फिरली होती. हजारभर प्रतिनिधी आले. पण आलेल्या संस्था कोणत्या? कामगार संघटना होत्याच. त्यांच्या बरोबरीने आल्या त्या ‘मुतुआलिस्ता’. म्हणजे परस्पर साहाय्य मंडळं. सभासदांनी महिन्याला थोडी वर्गणी द्यायची. कुणी गेलं तर दफनाचा खर्च मंडळाने उचलायचा. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी १६ सप्टेंबरला मिरवणूक, नाच, जेवण. मुलांना आपली भाषा शिकवायची. ओळखीचं वाटतंय ना? हुबेहूब आपण. मुलांची मराठी शाळा, कुणी वारलं तर पार्थिव भारतात पाठवायला वर्गणी, सप्टेंबरातली मिरवणूक, सगळं तेच.

लुइसाने त्या मंडळांना नाच-गाणं बंद करा असं सांगितलं नाही. त्याच माणसांना, त्याच हॉलमध्ये तिने आणखी काही विषय दिले: घर भाड्याने मिळताना होणारा भेदभाव, शाळेतली वेगळी रांग, कामावरचा पगार, हद्दपारीची भीती. काँग्रेसने दोन गोष्टी एका श्वासात सांगितल्या: नागरिक व्हा, आणि आपली भाषा सोडू नका. नागरिक नसलेल्यालाही इथे भीतीशिवाय जगता आलं पाहिजे, हेही त्यात होतं. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये परदेशात जन्मलेल्यांच्या संरक्षणासाठी भरलेल्या परिषदेत ती मेक्सिकन मजुरांबद्दल बोलली. मुद्दा असा: ज्यांनी आपलं तारुण्य आणि कष्ट या मातीत घातले ते परके नाहीत, आणि बड्या शेतीकंपन्यांच्या भागधारकांपेक्षा त्यांनीच आडून जास्त कर भरला आहे.

ही सगळी वर्षं लुइसा स्वतः नागरिक नव्हती. १९४१ मध्ये ती डबाबंद अन्न आणि शेतमाल कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेची उपाध्यक्ष झाली. तोवर कुठलीही लॅटिना एवढ्या पदावर पोचली नव्हती. मत देण्याचा हक्क नसलेली बाई. १९४२ मध्ये लॉस एंजेलिसजवळ स्लीपी लगून इथे एका तरुणाचा मृत्यू झाला, बावीस जणांवर एकत्र खटला चालला आणि सतरा जणांना शिक्षा झाल्या. बहुतेक सगळी मेक्सिकन पोरं. त्यांच्या बचाव समितीच्या कामात लुइसा होती. ऑक्टोबर १९४४ मध्ये वरच्या कोर्टाने त्या शिक्षा रद्द केल्या.

मग जे व्हायचं ते झालं. कॅलिफोर्निया विधिमंडळाच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ शोधणाऱ्या समितीने तिला बोलावलं. त्याच सुमारास तिच्यापुढे एक सौदा ठेवला गेला: गोदी कामगारांचा नेता हॅरी ब्रिजेस याच्याविरुद्ध साक्ष दे, नागरिकत्व मिळेल. तिने नाही म्हटलं. गहाण पडलेल्या आत्म्याने मोकळं हिंडायचं नाही, अशा अर्थाचं तिचं उत्तर होतं. ३० नोव्हेंबर १९५० ला हद्दपारीचा हुकूम डोक्यावर असताना ती नंतरच्या नवऱ्याबरोबर सीमा ओलांडून मेक्सिकोत गेली. सॅन डिएगोतलं घर मागे राहिलं. बावीस वर्षं या देशात काढल्यानंतर.

आमच्या कार्यकारिणीतल्या एका सज्जन गृहस्थांना मी ही गोष्ट फोनवर सांगितली तेव्हा ते म्हणाले, “बघा, म्हणूनच म्हणतो राजकारण नको. तिचं काय झालं पाहिलंत ना?”

त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं रांगेत अडकलंय, नोकरी गेली की साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा आहे, त्यांची भीती खरी आहे. माझीही होती. डिपेंडंट व्हिसावर असताना मी शाळेच्या पालकसभेतसुद्धा हात वर करायची नाही. पण गप्प राहून माणसं वाचली का, हे इतिहासात बघू या. १९३०च्या दशकातल्या मंदीत लाखो मेक्सिकन लोकांना या देशातून सीमेपार काढलं. त्यांतले कितीतरी इथेच जन्मलेले, अमेरिकन नागरिक. ते काही लुइसासारखे पुढारी नव्हते. बहुतेकांनी आयुष्यात एक सभा पाहिलेली नव्हती. तेही गेले.

आपलंच बघा. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्याआधी नागरिक झालेल्या अनेकांची कागदपत्रं परत काढून घेतली. थिंद यांचे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून मी हरखले होते, पण ते अहमदाबादचे. त्यांचंही नागरिकत्व काढायला सरकार निघालं. ते कोर्टात लढले आणि १९२६ मध्ये जिंकले. भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली १९४६ च्या कायद्याने, तेही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यासकट. तो कायदाही कुणीतरी वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवल्या म्हणून झाला. त्यानंतर दहा वर्षांनी दलीपसिंग सौंद याच दक्षिण कॅलिफोर्नियातून अमेरिकन काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून गेले. आज आपल्या बेळगाव भागातले श्री ठाणेदार मिशिगनमधून तिथे बसतात. ते निवडून आले की आपण सत्कार करतो, शाल घालतो. तेव्हा कुणी राजकारण नको म्हणत नाही.

आणखी एक. लॉस एंजेलिस काउंटीत निवडणुकीचे कागद हिंदीत मिळतात, हे किती जणांना माहीत आहे? ज्या तरतुदीमुळे ते मिळू लागले ती मतदान हक्क कायद्यात १९७५ मध्ये आली, आणि तिच्यामागे मोठा रेटा मेक्सिकन-अमेरिकन संघटनांचा होता. तसंच शाळांचं. आमच्या याच ऑरेंज काउंटीत १९४७ पर्यंत मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. पाच कुटुंबं कोर्टात गेली तेव्हा त्या मोडल्या. त्याच शाळांमधून आपली मुलं वरचे नंबर काढतात. हे उपकार म्हणून सांगत नाही. कोणाच्या जिन्यावरून आपण वर आलो ते माहीत असावं.

तर माझी मागणी काय? हौतात्म्य नको. कुणाचा व्हिसा पणाला लावायचा नाही. उलट, जे नागरिक नाहीत त्यांनी मतदार नोंदणीच्या फॉर्मला हातही लावू नये, ते गंभीर प्रकरण होतं; टेबलावर बसणाऱ्याने हे पहिल्यांदा सांगायचं. करमुक्त संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, हे बरोबर. पण पक्षनिरपेक्ष मतदार नोंदणी करता येते, तेव्हा ‘आपल्या मंडळाची नोंदणी जाईल’ ही भीती बाजूला ठेवा. कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डवाल्याला मतदान करता येत नसलं तरी मतदान केंद्रावर काम करता येतं. २०१३ मध्ये तसा कायदा झाला. आपल्या निवृत्त आई-बाबांपैकी कितीजण ग्रीन कार्डावर इथे दिवसभर घरात बसून असतात! भारतात शिक्षक म्हणून निवडणुकीची ड्यूटी केलेली ही माणसं मतपेटीला लाख लावण्यापासून सगळं कोळून प्यायलेली आहेत. त्यांना बोलवा, थोडं प्रशिक्षण घ्यायला लावा.

आणि शाळा मंडळाच्या किंवा शहराच्या सभेत उभं राहून दोन-तीन मिनिटं बोलायला इथे नागरिकत्व लागत नाही. कॅलिफोर्नियात तर नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. मी पहिल्यांदा बोलले ते शाळेसमोरच्या रस्ता ओलांडायच्या जागेबद्दल. पाय लटपटत होते, इंग्रजी अर्ध्यात विस्कटलं. माझ्या आधी एक स्पॅनिश बोलणारी आजी दुभाष्या घेऊन त्याच रस्त्याबद्दल बोलली होती. सिग्नल लागायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत आम्ही एकमेकींची नातवंडं नावाने ओळखायला लागलो. माझ्या मंडळातल्या पन्नास ओळखींपेक्षा ही ओळख निराळी आहे, का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

लुइसा पुढे ग्वाटेमालात परतली. १९५४ मध्ये तिथलं निवडून आलेलं सरकार उलथलं, तेव्हा पुन्हा पळाली. मेक्सिकोत राहिली, तिहुआनात काही काळ चित्रांचं दालन चालवलं. अमेरिकेत पुन्हा राहायला येता आलं नाही. १९९२ मध्ये ग्वाटेमालात वारली. मला हद्दपार करता येईल, पण ज्या माणसांबरोबर मी काम केलं त्यांना हद्दपार करता येणार नाही, असं ती अमेरिका सोडण्याआधी म्हणाली होती.

आमच्या मंडळाची पुढची सभा गणेशोत्सवाच्या तयारीची आहे. विषयपत्रिका येईल तेव्हा त्यात मोदकांच्या खाली माझा ठराव असेल: हॉलच्या दाराशी एक टेबल, दोन खुर्च्या, एक खुर्ची माझी. त्या दिवशी शाळेतल्या त्या ग्वाटेमालाच्या बाईंनाही आरतीला बोलावते आहे; त्यांचं नाव मला आता माहीत आहे. तुमच्या मंडळांतही असा ठराव कुणी मांडला, तर चार मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ त्याला द्या.

आमच्याकडे सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.

आपली,
एक जुनी सभासद
ऑरेंज काउंटी, कॅलिफोर्निया